विनियर शिकायचे तर आधी पाण्याचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घरच्या घरी विनियर, म्हणजे बोर्डावर चिकटवायचे लाकडाचे अगदी पातळ पान, लावायला शिकवणारा लेख वाचला. वर्तमानपत्रात लाकूडकामाला अर्धे पान मिळणे हीच मुळात दुर्मीळ गोष्ट, म्हणून आधी आभार. पण त्या लेखातले दोन सल्ले असे आहेत की ते पाळून केलेला टेबलाचा पाट पहिल्या दिवशी सुरेख दिसेल आणि दोन ऋतू उलटले की फसेल. पहिला सल्ला असा, की रबरी चिकटद्रव्य दोन्ही अंगांना फासून पान दाबले की काम झाले. दुसरा असा, की मागची बाजू दिसत नाही, तेव्हा तिकडे विनियर लावण्याचा खर्च करू नये. दोन्ही सल्ले देणाऱ्याने पाणी हिशेबात धरलेले नाही. आम्ही हे काम करतो आणि शिकवतोही. शिकणाऱ्यांच्या हातून ज्या चुका होतात त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी पाणीच निघते. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

साधे गणित करून पाहू. कापून येणारे बहुतेक विनियर आज ०.५ ते ०.६ मिलिमीटर जाड असते. अक्रोडासारखे मध्यम वजनाचे लाकूड घेतले, तर एक चौरस मीटर पान साधारण ३५० ग्रॅम भरते. पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम लागतो आणि त्यात जवळपास अर्धे पाणीच असते. म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या पानाखाली आपण ७५ ते १०० ग्रॅम पाणी पसरतो. काही पाणी खालच्या बोर्डात मुरते. पण निम्मे जरी पानात शिरले, तरी काही मिनिटांत त्या पानाचा ओलावा दहा-पंधरा टक्क्यांनी चढतो. एवढा फरक एरवी कोरड्या आणि दमट ऋतूतही पडत नाही.

ओलावा चढला की लाकूड फुगते, पण सगळीकडे सारखे नाही. लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. जे हलते ते रुंदीत, आणि त्यातही वाढीच्या कंकणांच्या दिशेने सर्वांत जास्त. त्याला काटकोनात, गाभ्याकडून सालीकडे, साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश मापाने. खोडाच्या बाजूने सपाट कापलेले अक्रोडाचे ३०० मिलिमीटर रुंद पान घ्या. हवेतली आर्द्रता ४५ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेली की त्याचा ओलावा ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर जातो आणि मोकळे असेल तर ते सुमारे ३ मिलिमीटर वाढते. बोर्डाला चिकटलेल्या पानाला तेवढे हलता येत नाही, पण हलण्याची ओढ जात नाही. ती गोंदाच्या थरावर, सांध्यावर आणि बोर्डाच्या सपाटीवर येते.

मागची बाजू रिकामी ठेवली तर काय होते, ते यावरून कळेल. ओला गोंद लागताच पान फुगते आणि बोर्ड आधी विनियरच्या बाजूने किंचित वर येतो. इथे नवखा माणूस घाबरतो. मग पाणी उडून जाते, पान आकसते, आणि आता चिकटलेले असल्यामुळे बोर्डाला आपल्याकडे ओढते. पाट बशीसारखा खोलगट होतो. १८ मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, तोसुद्धा या ओढीपुढे टिकत नाही. बोर्ड जितका मोठा, तितका बाक उघड दिसतो. मागे पान लावले की दोन्हीकडची ओढ एकमेकींना तोलते. ते पान महागाचे असायची गरज नाही. साधे, डागाळलेले, स्वस्तातले चालेल, पण जाडी साधारण तेवढीच हवी, रेषांची, म्हणजे लाकडाच्या तंतूंची, दिशा तीच हवी, गोंद तोच हवा आणि ते त्याच वेळी दाबलेले हवे. समोरचे आज आणि मागचे चार दिवसांनी लावले, तर बाक आधीच येऊन बसलेला असतो. मागे रंगाचा हात दिला तरी पुरे, असे लेखात म्हटले आहे. रंगामुळे ओलावा आत शिरायला वेळ लागतो हे खरे, पण आकसणाऱ्या पानाला तोलून धरणारी ताकद त्या रंगात नाही.

आता रबरी चिकटद्रव्याबद्दल. त्यात पाणी नसते, म्हणून पान फुगत नाही, वळत नाही, प्रेस लागत नाही. शिकणाऱ्याला ते आवडते यात नवल नाही. पण सुकल्यावरही त्याचा थर रबरासारखाच राहतो. ऋतू बदलला की पान त्याच्यावर सरकते. आधी पृष्ठावर बारीक लाटा दिसतात, मग रेषेच्या दिशेने केसासारख्या चिरा पडतात. वर विद्रावकाचे, म्हणजे थिनरसारख्या द्रवात विरघळवलेले, पॉलिश मारले तर ते पानाच्या छिद्रांतून उतरून चिकटद्रव्य मऊ करते आणि फुगे येतात. शिवाय पान एकदा टेकले की सरकवता येत नाही. दोन मिलिमीटर चुकले तर चुकलेच. मागे दुसरा थर चिकटवून आलेले विनियर मिळते, त्यावर हे द्रव्य एक वेळ चालते. नुसत्या लाकडी पानासाठी आम्ही ते कोणालाही सुचवणार नाही.

बोर्डाचे थोडक्यात सांगतो. एमडीएफ सर्वांत सरळ, कारण त्याला रेषाच नाही. प्लाय घेतला तर त्याच्या वरच्या थराच्या रेषेला विनियरची रेषा काटकोनात यायला हवी. दोन्ही रेषा एकाच दिशेने गेल्या, तर प्लायच्या थरातल्या बारीक चिरा काही महिन्यांनी विनियरवर उमटतात. प्लायमधले खड्डे आणि स्क्रूची भोके लांबीने (पुट्टीने) भरून, सुकवून, सपाट घासल्याशिवाय पान लावू नये. वरून अर्ध्या मिलिमीटरचे पान लावून खड्डा झाकत नाही, पॉलिश झाल्यावर उलट उठून दिसतो. गुळगुळीत बोर्डावर १२० नंबरचा पॉलिश पेपर एकदा फिरवून धूळ नीट काढावी. सागासारख्या तेलकट लाकडाचे पान असेल, तर चिकटवायच्या बाजूने ते लावण्याच्या थोडे आधी विद्रावकाच्या फडक्याने पुसावे.

पान कापण्यापूर्वी त्याच्या दोन बाजू ओळखता आल्या पाहिजेत. यंत्राचे पाते ओंडक्यातून पान सोलते तेव्हा पात्याकडच्या बाजूला पान वाकते आणि तिथे सूक्ष्म चिरा पडतात. ती सैल बाजू, आणि दुसरी घट्ट. पान दोन्ही हातांत धरून रेषेला आडवे हलकेच वाकवा. एका बाजूला ते सहज वळते, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जोराला कुरकुरते. सहज वळताना जी बाजू बाहेर, म्हणजे फुगीर अंगाला येते, ती सैल. शक्य तिथे सैल बाजू गोंदाकडे ठेवावी, कारण ती वर आली तर पॉलिश तिथे जास्त मुरते आणि चिराही लवकर उघडतात. पण पुस्तकासारखी उघडून दोन पाने जुळवली, की एक घट्ट आणि एक सैल बाजू वर येणारच. त्यामुळे अशा जोडीत एक पट्टा उजळ आणि एक गडद दिसतो, आणि उलट्या बाजूला उभे राहून पाहिले तर नेमका उलटा. ही कारागिराची चूक नाही. पाने उलटून लावल्याचा तो परिणाम आहे. तो नको असेल तर पाने न उलटता एकाशेजारी एक सरकवून लावावीत. मग रंग सारखा येतो, पण दोन्हीकडे आरशातल्यासारखी जुळणारी नक्षी मिळत नाही. काय हवे ते आधी ठरवावे. आणि एका ओंडक्याची पाने ज्या क्रमाने आली त्या क्रमाने त्यांवर खडूने आकडे टाकून ठेवावेत. गठ्ठा एकदा विस्कटला, की पुन्हा लावताना डोकेदुखी होते.

कापण्यासाठी विनियरची छोटी करवत मिळते. तिचे पाते कडेला गोलाई असलेले आणि दात न फाकवलेले असतात. तीक्ष्ण कटरनेही काम होते. रेषेला आडवा काप आधी घ्यावा आणि उभा नंतर. आडव्या कापात शेवटच्या सेंटिमीटरला पान हमखास चिरफळते. म्हणून दोन्ही टोकांकडून मध्याकडे कापत यावे आणि कापाच्या रेघेवर आधी मास्किंग टेप लावावा. उभ्या कापात वेगळाच धोका असतो. कटरचे टोक लाकडाच्या रेषेत शिरून तिच्यामागे पळते. जोर देऊन एका झटक्यात कापू नये, तीन-चार हलक्या फेऱ्या माराव्यात. पहिली फेरी तर नुसती रेघ ओढण्यापुरती.

कापलेली कड कितीही सरळ वाटली तरी सांध्याला ती पुरत नाही. जुळवायची दोन्ही पाने पुस्तकासारखी मिटून, दोन सरळ पट्ट्यांमध्ये कड एक-दीड मिलिमीटर बाहेर राहील अशी घट्ट पकडावीत आणि दोन्ही कडा एकदमच रंधून काढाव्यात. रंध्याचे पाते अगदी बारीक काढलेले आणि धार ताजी हवी. रंध्याची सवय नसेल तर लांब सपाट ठोकळ्याला १२० नंबरचा पेपर चिकटवून घासावे. दोन्ही पाने एकत्र घासण्यात खुबी अशी, की रंधा थोडा तिरका चालला तरी पाने उघडल्यावर एकीचा तिरकेपणा दुसरीच्या तिरकेपणाला भरून काढतो. मग दोन्ही पाने खिडकीच्या काचेवर शेजारी टेकवून उजेड पाहावा. सांध्यातून केसाएवढा उजेड आला तरी परत घासावे. गोंद भरून ही फट बुजेल ही आशा धरू नये, कारण गोंदाला पॉलिशचा रंग चढत नाही आणि तिथे फिकट किंवा काळसर रेघ कायमची राहते.

सांधा बांधताना पाणी पुन्हा आडवे येते. मागच्या बाजूने, म्हणजे जी गोंदाकडे जाणार तिकडून, दर १०० मिलिमीटरवर मास्किंग टेपचे तुकडे थोडे ताणून आडवे लावावेत; ताणलेला टेप दोन्ही कडा एकमेकींकडे ओढतो. पान उलटून दर्शनी बाजूला डिंकाची कागदी पट्टी लावावी: आधी सांध्याला आडवे छोटे तुकडे, मग सांध्यावरून एक अखंड पट्टी. ही पट्टी सुकताना आकसते आणि सांधा आवळते, म्हणूनच ती वापरतात. पण ती स्पंजावरून नुसती ओढलेली, ओलसर हवी. पाण्यात बुडवलेली पट्टी लावली तर सांध्याच्या दोन्ही कडा फुगतात, तशाच दाबल्या जातात, आणि नंतर सुकून आकसल्यावर सांध्यात बारीक खाच राहते. पट्टी लावल्यावर वीस मिनिटे पान सपाट वजनाखाली ठेवावे. आणि मागचा मास्किंग टेप काढायला विसरू नये. तो आत राहिला तर तिथे गोंद धरत नाही आणि पट्टीच्या आकाराचा उंचवटा आयुष्यभर दिसत राहतो. ही चूक शिकाऊ माणूस करतोच, आणि बहुधा सर्वांत महागाच्या पानावर.

गाठीचे किंवा फाट्याजवळच्या लाकडाचे विनियर पापडासारखे वळलेले येते. कोरडेच प्रेसमध्ये घातले तर ते चुरते. दोन भाग पाणी, एक भाग ग्लिसरीन आणि एक भाग स्पिरिट असे मिश्रण दोन्ही बाजूंना फवारावे, पाणी निथळू द्यावे आणि कोऱ्या कागदांच्या थरांत घालून दोन फळ्यांमध्ये हलकेच दाबावे. छापील वर्तमानपत्र इथे नको (आपली क्षमा मागून), शाई पानावर उतरते. कागद पहिल्या तासाभरात एकदा, मग त्या दिवशी आणखी दोन-तीनदा आणि नंतर रोज बदलावेत, हाताला पान कोरडे लागेपर्यंत. ग्लिसरीनमुळे पान काही दिवस लवचीक राहते, पण कायमचे नाही. तयार झालेले पान लगेच वापरावे, नाहीतर वजनाखालीच ठेवावे.

शिकणाऱ्याने सुरुवात कोणत्या गोंदाने करावी यावर मतभेद आहेत. आमचे मत जुन्या सरसाच्या बाजूने आहे. प्राचीन इजिप्तमध्ये तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, तुतनखामेनच्या काळी, लाकडावर पातळ लाकूड चढवत तेव्हाही प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंदच होता. पण आम्ही जुन्याच्या प्रेमाने हे म्हणत नाही. सरस उष्णता आणि ओलावा दिला की पुन्हा सुटतो, म्हणून शिकताना झालेली चूक परत घेता येते. पीव्हीए उष्णतेने नुसता मऊ होतो, सरसासारखा पुरता सुटत नाही, आणि युरिया फॉर्मल्डिहाइडच्या गोंदात तर तेवढीही सोय नाही.

सरसाचे दाणे वजनाने एक भाग आणि गार पाणी दीड ते दोन भाग, असे काही तास भिजत घालावेत. दाणे फुगून जेलीसारखे झाले की दुहेरी भांड्यात, म्हणजे बाहेरच्या भांड्यातल्या पाण्याच्या आचेवर, ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावेत. ७० च्या वर गेले की सरसाची ताकद उतरते. तेच भांडे पाचसहा दिवस पुन्हा पुन्हा तापवत राहिले तरी तेच होते, शिवाय वास सुटतो तो वेगळाच. सरस योग्य झाला की ब्रश उचलल्यावर तो अखंड धारेने पडतो आणि शेवटी धार तुटून थेंब होतात. धार ओढल्यासारखी लांबत राहिली तर घट्ट आहे, पाण्यासारखी वाजली तर पातळ.

हा सरस बोर्डावर लावतात, पानाच्या खालच्या बाजूला लावतात आणि वरच्या बाजूलाही लावतात. वर का, असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. वरचा हात दोन कामे करतो: पान दोन्हीकडून ओले झाल्यामुळे एका बाजूला गुंडाळत नाही, आणि हातोडी त्यावरून घसरते. या हातोडीने ठोकायचे मात्र काही नसते. लाकडी डोक्यात बसवलेली, गोल कडेची पितळी पट्टी असते ती; तिने पान दाबत, गोंद ढकलत कडेपर्यंत न्यायचा. लोखंडी पट्टी का नको, ते पुढे येते. मध्यापासून सुरू करून रेषेच्या दिशेने नागमोडी हात मारत बाहेर यावे. रेषेला आडवा जोर लावला तर ओले पान रुंदीत ताणले जाते, आणि तसेच चिकटले तर सुकताना चिरते. सरस गार होता होता पकडतो, त्यामुळे घाई करावी लागते. एखादा भाग सुटला तर त्यावर ओलसर फडके ठेवून कोमट इस्त्री फिरवावी आणि पुन्हा हातोडीने दाबावे.

या पद्धतीत सांधा आधी बांधत नाहीत. दुसरे पान पहिल्यावर २५ मिलिमीटर चढवून बसवायचे, मध्यावर पट्टी ठेवून दोन्ही पाने एकाच कापात कापायची, वरची चिंधी उचलायची, कड थोडी गरम करून खालची चिंधी ओढून काढायची आणि दोन्ही कडा पुन्हा दाबायच्या. लगेच सांध्यावर कागदी पट्टी. ती राहिली, तर ओली पाने सुकताना एकमेकींपासून दूर सरकतात आणि सकाळी मधोमध फट दिसते.

पीव्हीए घेतला तर दाबाशिवाय गत्यंतर नाही. गोंद फक्त बोर्डाला लावावा, पानाला कधीच नाही. खाचांच्या पट्टीने पसरून वर फोमचा रोलर फिरवला की थर एकसारखा होतो. तो ओल्या रंगासारखा सगळीकडे चमकायला हवा, पण बोर्ड तिरपा केला तर ओघळू नये. कडा आणि कोपरे हमखास उपाशी राहतात, तिथे एक हात जास्त. गोंद लावल्यापासून दाब बसेपर्यंत पाच ते दहा मिनिटेच मिळतात. म्हणून सगळे क्लॅम्प आधी कोरडेच लावून पाहावेत, फळ्या जागेवर, प्लास्टिक कापून तयार. गोंद हाताला लागल्यावर प्लास्टिक शोधत फिरणे म्हणजे काम वाया घालवणे. मोठ्या कामाला युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद बरा. हाताशी जास्त वेळ मिळतो आणि सुकल्यावर थर कडक होतो, पान सरकत नाही. पण गारठ्यात तो नीट पकडत नाही, आणि त्याच्या वाफेसाठी खिडक्या उघड्या हव्यात.

दाब किती, याचा अंदाज नवख्याला नसतो. ६०० बाय ४०० मिलिमीटरच्या पाटावर निर्वात पिशवीने, म्हणजे पंपाने आतली हवा काढून घेतलेल्या पिशवीने, ०.८ बारचा दाब आणला, तर त्यावर जवळपास दोन टन भार येतो. त्याच पाटावर पुस्तके, पाट्या, असे ५० किलो वजन ठेवले, तर ते त्याच्या चाळिसाव्या हिश्शाएवढे होते. वजने ठेवून दाबलेल्या विनियरला फुगे का येतात ते यात आले. पिशवी नसेल तर २५ मिलिमीटर जाड दोन दाबफळ्या आणि त्यांवर दर १५० मिलिमीटरला ५० बाय ५० ची आडवी दांडी, वर एक खाली एक, असे लावावे. दांडीचे फळीकडचे अंग मध्यभागी दीड मिलिमीटर उंच राहील असे रंधावे. दांडीच्या टोकांना क्लॅम्प आवळले की आधी मध्यावर दाब येतो, आणि जादा गोंद कडेकडे निघत जातो. मधल्या दांडीपासून आवळायला सुरुवात करावी. उलट केले तर गोंद मध्ये कोंडतो आणि तिथे टेकाड राहते. निर्वात पिशवीत पाणी उडून जायला वाट नसते, ते बोर्डातच मुरावे लागते. म्हणून पीव्हीएला पिशवीत नेहमीपेक्षा जास्त वेळ द्यावा. रात्रभर ठेवणे उत्तम.

प्रेसमधून निघालेला पाट टेबलावर आडवा टाकू नये. वरची बाजू सुकते, खालची ओली राहते, आणि दोन्हीकडे पान लावून मिळवलेला तोल एका दुपारीत जातो. तो भिंतीला उभा टेकवावा किंवा काड्यांवर ठेवावा, दोन्हीकडून हवा लागेल असा. घासायची घाई नको. तीन-चार दिवस, दमट हवेत आठवडा. सांध्यावर ओलावा असताना घासून सपाट केले, तर सुकल्यावर नेमका सांधा खोल जातो.

मग नखाने सगळीकडे टिचकी मारून ऐकावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथे फुगा आहे. रेषेच्या दिशेने बारीक चीर द्यावी, सुईने पीव्हीए आत सोडावा, मेणकागद ठेवून ठोकळ्याने दाबावे. आधीचा गोंद पीव्हीए असेल तर बऱ्याचदा नुसती गरम इस्त्री आणि वर ठोकळा एवढ्यावर भागते, कारण तो उष्णतेने मऊ होतो. कागदी पट्टी ओलसर फडक्याने भिजवून, दोन मिनिटे थांबून पात्याच्या खरवडणीने रेषेच्या दिशेने काढावी. सुकीच ओढली तर लाकडाचे तंतू घेऊन येते. आणि हे पाणीही सुकू द्यावे लागते.

ओक, अक्रोड अशा टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या लाकडावर ओले असताना लोखंड टेकले की निळसर काळा डाग पडतो. क्लॅम्पचा दांडा, स्टील वूलचा तुकडा, लोखंडी हातोडी, काहीही पुरते. पितळी पट्टी याचसाठी. डाग पडलाच तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने निघतो, पण ते विषारी आहे. हातमोजे घालावेत, नंतर पाण्याने पुसावे आणि पूर्ण सुकवून मगच पॉलिश.

घासताना ८० किंवा १०० नंबरचा पेपर जवळही ठेवू नये. १८० ने सुरुवात, २२० ने शेवट, मऊ तळाच्या ठोकळ्यावर, रेषेच्या दिशेने. पृष्ठावर पेन्सिलीच्या आडव्यातिडव्या रेघा माराव्यात. रेघा गेल्या की तिथे थांबायचे. पान अर्ध्या मिलिमीटरचे आहे आणि खरवडण्यात त्यातले काही आधीच गेलेले असते. सर्वांत आधी फुटतात कडा, कारण हात तिथे नकळत दाबतो. गोंदाची चमक दिसू लागली की पुढचा हात मारायचा नाही. तिथे भरून काढण्यासारखे काही उरत नाही, फक्त रंगाने लपवणे किंवा तुकडा बसवणे. पॉलिशचा पहिला हात पातळ लाखेचा द्यावा. पाण्यातले पॉलिश पहिल्याच हाताला दिले तर तंतू उभे राहतात आणि कच्चा सांधा पुन्हा फुगतो.

शिकायला महागाचे पान आणि जेवणाचे टेबल घेऊ नये. ३०० मिलिमीटरचे चार चौकोनी एमडीएफ तुकडे घ्यावेत. पहिल्याला मुद्दाम एकाच बाजूला पान लावून आठवड्यानंतर त्यावर पट्टी आडवी धरावी आणि मधली फट पाहावी. दुसऱ्याला दोन्हीकडे लावून तेच करावे. तिसऱ्यावर पुस्तकी सांधा. चौथ्यावर सांधा आणि भोवती आडव्या रेषेची किनार, म्हणजे कोपऱ्याचे ४५ अंशांचे जोड आले. पहिला तुकडा फेकू नये; दमट आणि कोरड्या ऋतूत तो भिंतीवर टांगून त्याचा बाक मोजत राहावे.

त्या लेखातील बाकीच्या माहितीबद्दल आमचे काही म्हणणे नाही. कडा कानसीने आतल्या बाजूला घासाव्यात हा सल्ला तर फार चांगला आहे. मात्र मागची बाजू सोडावी आणि रबरी चिकटद्रव्य पुरे, या दोन वाक्यांपुरता खुलासा पुढच्या पुरवणीत छापावा, ही विनंती. पुरवणी वाचून कोणी येत्या सुट्टीत पाट करायला घेतला असेल, तर त्याचे मागचे पान अजून लावायचे राहिलेले असेल.

आपले,
विनियरकाम करणारे आणि शिकवणारे काही वाचक